कार्यालयीन दूरध्वनी-यंत्रणेची मूलभूत परिभाषा : एक संज्ञाविचार

१. विषयप्रवेश

भारतीय भाषांतील परिभाषेचा विचार प्रामुख्याने न्याय, राज्यकारभार आणि विज्ञान या तीन क्षेत्रांच्या अनुरोधाने झालेला आहे. सतराव्या शतकातील 'राज्यव्यवहारकोशा'ने राज्यकारभारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९३१ मध्ये बडोद्यात प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'ने एकेका शासकीय संज्ञेचे अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारीशेजारी मांडले. आणि १९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाची स्थापना केल्यानंतर हे कार्य अखिल भारतीय पातळीवर सुरू झाले. या सर्व प्रयत्नांत संज्ञा ही मुख्यतः वाचली जाणारी वस्तू होती. ती ग्रंथात किंवा आदेशात येई, आणि आजूबाजूच्या वाक्याच्या आधाराने वाचक तिचा अर्थ लावून घेई.

प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतलेली परिभाषा निराळ्या जातीची आहे. कार्यालयातील दूरध्वनी-यंत्रणेची मांडणी करताना ज्या संज्ञा समोर येतात, त्या वाक्यात येत नाहीत. तक्त्यातील रकान्यांच्या शीर्षस्थानी एकेकट्या उभ्या असतात. रकान्यात काय भरायचे हे त्या एका शब्दावरून ठरवायचे असते. येथे संज्ञेचा अर्थ चुकला तर गैरसमज कागदावर राहत नाही. रुग्णालयात केलेला फोन कोणाच्याही टेबलावर वाजत नाही, किंवा तातडीच्या मदतीसाठी फिरवलेला क्रमांक शेजारच्या खोलीत जाऊन पोहोचतो.

पूर्वी हे शब्द मोजक्या तंत्रज्ञांच्या आणि 'बोर्डा'वर बसणाऱ्या ऑपरेटरांच्या वापरात होते. १९९९ मध्ये 'अ‍ॅस्टरिस्क' ही मुक्त संगणकप्रणाली निर्माण झाल्यापासून साध्या संगणकावरही कार्यालयाचे स्वतःचे दूरध्वनी केंद्र उभे करता येऊ लागले, आणि ते तक्ते भरण्याचे काम लहान संस्थांतून लिपिकाकडे, ग्रंथपालाकडे किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाकडे आले. यास्तव या संज्ञांचा विचार आता केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

२. नाव आणि त्याची अंगे

मूळ वस्तूच्या नावापासून आरंभ करणे उचित ठरेल. मराठीतील 'दूरध्वनी', हिंदीतील 'दूरभाष', कन्नडमधील 'दूरवाणि' आणि तमिळमधील 'तोलैपेसि' ही चारही नावे एकाच साच्यातील वाटतात; परंतु ती वस्तूची निरनिराळी अंगे निवडतात. हिंदीने भाषण निवडले, कन्नडने वाणी, तमिळने बोलण्याची क्रिया, तर मराठीने केवळ ध्वनी. वि. दा. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीशी निगडित असलेला हा मराठी शब्द यंत्रदृष्ट्या सर्वांत काटेकोर आहे असे म्हणता येईल. कारण यंत्र वाहून नेते तो ध्वनी, त्यातले भाषण ऐकणारा ओळखतो. 'भ्रमणध्वनी' हा पुढचा शब्द याच पायावर उभा राहिला.

तथापि बोलण्यात मराठी माणसाने 'फोन' हाच शब्द स्वीकारला, आणि तो तीन-चार अर्थांनी वापरला. 'फोन आला' या प्रयोगात फोन म्हणजे संभाषणाची मागणी. 'फोन उचलला' येथे यंत्र. 'फोन बंद आहे' येथे यंत्र किंवा तार. 'माझा फोन लिहून घ्या' येथे क्रमांक. अर्थ इतके भिन्न असूनही घोटाळा होत नाही, कारण क्रियापद अर्थनिश्चिती करते. येणे, लावणे, लागणे, उचलणे, ठेवणे, जोडणे, कापणे या क्रियापदांनी मराठीत दूरध्वनीचे जवळजवळ संपूर्ण व्याकरण सिद्ध केलेले आहे. 'फोन लावला, पण लागला नाही' या पाच शब्दांच्या वाक्यात प्रयत्न आणि फलनिष्पत्ती यांतला भेद केवळ धातूच्या सकर्मक व अकर्मक रूपांनी दाखविला जातो.

मांडणीच्या तक्त्यात नेमका हा आधार सुटतो. तेथे क्रियापद नसते. म्हणून बोलण्यात जे काम क्रियापद करते ते तक्त्यात संज्ञेला करावे लागते, आणि ज्या संज्ञेत ती क्रिया किंवा तो संबंध दिसतो तीच उपयोगी पडते. प्रस्तुत लेखातील सर्व विवेचन या एका सूत्राला धरून आहे.

३. शाखा, खोड आणि मार्गिका

२८ जानेवारी १८८२ रोजी कोलकाता, मुंबई व चेन्नई येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. दोन वर्गणीदारांच्या तारा मध्यवर्ती ठिकाणी आणून हव्या तेव्हा एकमेकींस जोडणे, हे अशा केंद्राचे काम. मोठ्या कार्यालयाने हीच व्यवस्था आपल्या इमारतीपुरती उभी केली की तिला खासगी शाखा-केंद्र म्हणत. भारतीय कार्यालयांत तिचे 'ई.पी.ए.बी.एक्स.' हे आद्याक्षरी नाव रूढ झाले, आणि बोलताना त्याचे नुसते 'इंटरकॉम' झाले. हा शेवटचा शब्द मात्र अर्थसंकोच करणारा आहे. इंटरकॉममध्ये आतल्या आत बोलणे एवढेच येते, शाखा-केंद्र बाहेरच्या जगाशीही जोडते.

'शाखा' या शब्दामागे वृक्षाचे रूपक आहे, आणि 'ट्रंक' हा त्याच वृक्षाचा दुसरा अवयव, म्हणजे खोड. दोन केंद्रांना जोडणारी मुख्य वाहिनी ती ट्रंक. १९६० मध्ये कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान वर्गणीदाराने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय झाली. तत्पूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ परगावी बोलायचे तर ऑपरेटरकडे 'ट्रंक कॉल' नोंदवावा लागे. त्यामुळे मराठीत 'ट्रंक' या शब्दाला खोडाची आठवण राहिली नाही. एक ट्रंक म्हणजे प्रवासाची पत्र्याची पेटी आणि दुसरी म्हणजे दूरगावचा, बहुधा काळजीचा, निरोप. आजच्या तक्त्यात 'ट्रंक' हा शब्द दिसतो तेव्हा त्याचा दूर अंतराशी काहीही संबंध नसतो. आपले केंद्र आणि सेवा पुरवणारी कंपनी यांना जोडणारा दुवा, मग तो शेजारच्या इमारतीत जाणारा असो, ट्रंकच होय. शब्द रुळलेला असल्यामुळे तो ठेवावा. मात्र त्याची व्याख्या नव्याने सांगावी.

त्याबरोबर दुसरा भेद करणे अगत्याचे आहे. बोलण्यातला 'लाइन' हा शब्द तार आणि एका वेळचे एक संभाषण या दोन्ही अर्थांनी येतो. तांब्याच्या साध्या तारेवर एका वेळी एकच संभाषण होत असल्याने हे चालून गेले. पुढे एकाच अंकीय वाहिनीत ३२ कालखंड पाडून त्यांपैकी ३० बोलण्यासाठी वापरण्याची पद्धत आली, आणि 'आमच्याकडे एकच लाइन आहे' व 'आमच्याकडे तीस लाइनी आहेत' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरू लागली. दुव्याला 'ट्रंक' आणि त्यावरील एकेका संभाषणाच्या वाटेला 'मार्गिका' म्हटले तर हा घोटाळा मिटतो. रस्त्यावरील मार्गिका सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एकाच रस्त्यावर अनेक मार्गिका असतात हेही सर्वांस ठाऊक आहे.

मार्गिका किती असाव्यात, या प्रश्नाचे उत्तर डॅनिश गणिती आग्नर क्रारुप अर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या गणितात आहे. दूरध्वनीवरील भाराचे परिमाण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. एका तासात प्रत्येकी ४ मिनिटांची ३० संभाषणे झाली तर एकूण १२० मिनिटे, म्हणजे २ अर्लांग, एवढा भार झाला. याचा अर्थ सरासरीने दोन मार्गिका व्यग्र असतात. 'मग दोनच पुरतील' असे म्हणणारा फसतो. माणसे सरासरीने फोन करीत नाहीत, एकदम करतात. अर्लांगच्या सूत्रानुसार दोन मार्गिका ठेवल्यास शंभरांपैकी ४० कॉल 'व्यग्र' म्हणून परत जातील, चार ठेवल्यास ९ ते १०, आणि सात ठेवल्यास शंभरांत एकाहूनही कमी. 'सरासरी' आणि 'गर्दी' हे भिन्न आहेत, हे रोज लोकलने जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. तक्ता भरणाऱ्याला मात्र सांगावे लागते.

४. एक शब्द, पाच वस्तू

मांडणीतील सर्वांत अधिक घोटाळा ज्या शब्दाने होतो तो 'एक्स्टेन्शन'. शासकीय पत्रशीर्षांवर त्याचे 'विस्तार क्रमांक' किंवा 'विस्तारित क्रमांक' असे भाषांतर आढळते. एकाच तारेचा फाटा काढून ती दुसऱ्या खोलीत नेत, त्या काळी विस्तार हा शब्द सार्थ होता. आज काहीच विस्तारत नाही. शब्द तेवढा राहिला आहे.

या एका शब्दात पाच वस्तू दडलेल्या असतात. पहिली, तीन किंवा चार अंकांचा आतला क्रमांक. दुसरी, टेबलावरचा संच. तिसरी, त्या संचावर बोलणारी व्यक्ती. चौथी, ती ज्या पदावर काम करते ते पद. पाचवी, नव्या यंत्रणेत आलेले खाते, म्हणजे केंद्राशी ओळख पटविण्यासाठी लागणारे नाव व संकेतशब्द यांची जोडी. इमारत लहान आणि माणसे स्थिर असतात तोपर्यंत या पाचही वस्तू एकमेकींवर बसलेल्या असतात आणि भेद जाणवत नाही. बदली झाली की जाणवतो.

लेखा विभागातील अधिकाऱ्यांचा आतला क्रमांक २०४ आहे असे समजू. त्यांची प्रशासन विभागात बदली झाली. आता २०४ हा क्रमांक त्यांच्याबरोबर जाईल की नव्या लेखाधिकाऱ्यांकडे राहील? संच टेबलावर राहील, की ते घेऊन जातील? साठलेले ध्वनिनिरोप कोणाचे? बाहेरच्या माणसाने २०४ लावला तो लेखा विभागाला की त्या व्यक्तीला? 'एक्स्टेन्शन हलवा' या आज्ञेने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आणि तंत्रज्ञ आपल्या समजुतीप्रमाणे काहीतरी हलवतो. परिणामी पुरवठादाराने देयकाविषयी ठेवलेले निरोप प्रशासन विभागात साठत राहतात.

मराठीचा कार्यालयीन व्यवहार येथे इंग्रजी शब्दापेक्षा पुढे आहे, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. आपल्याकडे पद आणि व्यक्ती यांतला भेद जुना व पक्का आहे. पदभार सोपविणे, पदभार स्वीकारणे, पदसिद्ध सदस्य या प्रयोगांत तो रोज वावरतो. तोच भेद दूरध्वनीला लावला तर संज्ञा आपोआप उभ्या राहतात : अंतर्गत क्रमांक, संच, धारक, पद आणि खाते. मग आज्ञा अशी देता येते : 'क्रमांक पदाकडे राहील, धारक बदलेल, जुने निरोप जुन्या धारकास ऐकवून नव्यासाठी पेटी रिकामी करावी, खात्याचा संकेतशब्द बदलावा.' या आज्ञेत संदिग्धतेस जागा नाही. यांतील शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. जुना संकेतशब्द तसाच राहिला तर गेलेला धारक, किंवा त्याच्याकडून तो मिळविणारा कोणीही, दूर बसून २०४ म्हणून बोलू शकतो.

५. आवक, जावक आणि अंकांची वाट

बाहेरून येणारे व बाहेर जाणारे कॉल यांसाठी 'अंतर्गामी' व 'बहिर्गामी' असे शब्द कोशांत सापडतील. ते शुद्ध आहेत. परंतु मराठी कचेरीत 'आवक' आणि 'जावक' हे शब्द टपालाच्या नोंदवहीतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहेत, आणि त्यांमागची पद्धतही तीच आहे. आवक लिपिक आलेला कागद उघडतो, तो कोणाचा हे पाहतो आणि त्या टेबलाकडे पाठवितो. 'आवक मार्ग' हेच करतो : कोणत्या बाह्य क्रमांकावर, कोणत्या वेळी कॉल आला हे पाहून तो कोणत्या आतल्या ठिकाणी द्यायचा ते ठरवितो. 'जावक मार्ग' फिरविलेले अंक पाहून कॉल कोणत्या ट्रंकने न्यायचा ते ठरवितो. एखाद्या अंतर्गत क्रमांकास स्वतंत्र बाह्य क्रमांक दिला, म्हणजे बाहेरचा माणूस ऑपरेटरवाचून थेट पोहोचू शकला, की त्यास 'थेट आवक क्रमांक' म्हणावे.

अंकांच्या अर्थाचे जे नियम केंद्रास शिकवावे लागतात, त्यांस 'क्रमांक-योजना' ही संज्ञा योग्य वाटते. या योजनेचे मर्म एका भाषिक दृष्टान्ताने सांगता येईल. कोणी 'एक' म्हटले आणि थांबला, तर ऐकणाऱ्यास संख्या पूर्ण झाली हे कळते. 'एकवीस' म्हणायचे असल्यास शब्दच निराळा येतो. यंत्र मात्र अंक एकेक करून डावीकडून ऐकते. एका खोलीचा क्रमांक २० आणि दुसरीचा २०४ असेल, तर २ व ० आल्यानंतर पुढे ४ येणार आहे की नाही हे त्यास कळत नाही. ते काही क्षण वाट पाहते आणि मग निर्णय घेते. म्हणून कोणताही क्रमांक दुसऱ्या क्रमांकाचा आरंभ असू नये, हा योजनेचा पहिला नियम.

दुसरा नियम अधिक गंभीर आहे. भारतात तातडीच्या मदतीचा सामाईक क्रमांक ११२ आहे. पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि अनेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लोकांच्या तोंडी आहेत. हे सर्व १ या अंकाने सुरू होतात. खोल्यांना १०१ पासून पुढे क्रमांक देण्याची हौस बहुतेक कार्यालयांना असते. तसे केल्यास आगीच्या वेळी १०१ फिरविणाऱ्याच्या कानी शेजारच्या खोलीतील घंटी वाजेल. अंतर्गत क्रमांक २ किंवा त्यापुढील अंकाने सुरू करावेत, आणि ११२ हा क्रमांक बाहेरची लाइन मागण्याचा उपसर्ग न लावताही बाहेर जाईल अशी तजवीज ठेवावी. अनेक शहरांतील शाखा एकाच केंद्रास जोडलेल्या असतील, तर तातडीचा कॉल त्या त्या गावच्या ट्रंकने बाहेर पडतो ना, हेही पाहावे. अन्यथा नागपुरातील हाक पुण्यात ऐकू जाईल.

'शून्य लावून लाइन घेणे' हा वाक्प्रचार शाखा-केंद्राने मराठीस दिला आहे. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीला लावताना क्रमांकापूर्वी शून्य लावणे आवश्यक झाले. त्यामुळे ज्या कार्यालयात बाहेरची लाइन शून्याने मिळते तेथे दोन शून्ये लावावी लागतात : एक आपल्या केंद्रासाठी, दुसरे सार्वजनिक जाळ्यासाठी. दिसायला दोन्ही सारखी, अर्थाने निराळी. पहिल्यास 'उपसर्ग-अंक' म्हणून ते केंद्राने गाळून टाकावे व दुसरे पुढे पाठवावे, असे योजनेत स्पष्ट लिहिले नाही तर दोन्ही गळतात किंवा दोन्ही पुढे जातात, आणि फोन लागत नाही.

कोणत्या धारकास कोठवर बोलण्याची मुभा आहे, हे 'परवानगी-श्रेणी' ठरविते. पूर्वी संचाला लहानसे कुलूप लावून परगावचे कॉल रोखत. आजचे कुलूप तक्त्यात असते. परदेशी बोलण्याची मुभा सर्वांना सरसकट देऊन ठेवणे आणि खात्यांचे संकेतशब्द सोपे असणे, हे दोन दोष एकत्र आले की रात्रीच्या वेळी परका मनुष्य आपल्या खात्यावरून परदेशी कॉल करतो व देयक संस्थेच्या नावे येते. गरज असेल त्यासच श्रेणी वाढवून द्यावी, हा सुरक्षित मार्ग होय.

६. घंटी, रांग आणि सोपविणे

एका विभागात चार संच असतील तर आलेला कॉल कोठे वाजवावा? सर्व संच एकदम वाजविणे ही 'एकत्र घंटी'. पहिला उचलला नाही तर दुसरा, मग तिसरा, ही 'क्रमवार घंटी'. आणि सर्व जण व्यग्र असताना कॉल करणाऱ्यास परत न पाठविता थांबवून ठेवणे व जो मोकळा होईल त्याला जोडणे ही 'प्रतीक्षा-रांग'. पहिल्या दोहोंत घंटीचा क्रम ठरतो, तिसरीत माणसांचा. रांग या शब्दात आधी आलेल्याचा हक्क गृहीत आहे. म्हणून जेथे तो हक्क पाळावयाचा तेथेच हा शब्द वापरावा.

इंग्रजीतून सरळ उतरविलेल्या संज्ञांची हानी या प्रकरणात स्पष्ट दिसते. ज्यास बोलायचे त्याला आधी न विचारता कॉल त्याच्याकडे ढकलणे, यास 'अंध हस्तांतरण' असे भाषांतर सहज सुचते. त्यात अंध कोण, हे कळत नाही. ऑपरेटर मंडळींची बोली अधिक नेमकी आहे. 'विचारून जोडून देते' आणि 'सरळ जोडून देते' हे दोन प्रयोग त्यांच्या तोंडी असतात. त्यांवरून 'विचारून जोडणे' व 'सरळ जोडणे' या संज्ञा घ्याव्यात. त्यांत क्रिया आहे, आणि क्रियेची रीतही आहे.

थांबवून ठेवण्याचेही दोन प्रकार आहेत. 'धरून ठेवणे' यात कॉल त्या संचाशी बांधलेला राहतो. तो परत घ्यायचा तर त्याच संचावर. 'ठेवणीत टाकणे' यात तो केंद्राच्या सामाईक जागेत जातो आणि तिचा क्रमांक फिरवून कोणत्याही संचावरून घेता येतो. कोठारात असलेल्या व्यवस्थापकास निरोप द्यायचा झाल्यास दुसरा प्रकार उपयोगी. पहिला वापरला तर त्यास पळत टेबलापर्यंत यावे लागेल.

७. संकेत आणि ध्वनी

संगणकीय जाळ्यावर चालणाऱ्या यंत्रणेत एक नवी गोष्ट समजून घ्यावी लागते. फोन लावणे, घंटी वाजणे, उचलणे व ठेवणे यांची देवाणघेवाण एका वाटेने होते. प्रत्यक्ष बोलणे दुसऱ्या वाटेने जाते. पहिलीस 'संकेतन' व दुसरीस 'ध्वनिप्रवाह' म्हणावे. संकेतनाचे जे नियम आज सर्वत्र चालतात त्यांचे नाव 'सिप'. त्यांची पहिली प्रमाण आवृत्ती १९९९ मध्ये व सुधारित आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. हा भेद ठाऊक असला की दोषाचे निदान सुलभ होते. घंटी वाजते, उचलल्यावर मात्र ऐकू येत नाही किंवा एकाच बाजूने ऐकू येते, अशी तक्रार आल्यास संकेतन ठीक असून ध्वनिप्रवाहाची वाट कोठेतरी अडली आहे असे समजावे. घंटीच वाजत नसेल तर आधी 'नोंदणी' पाहावी. संच ठरावीक कालाने केंद्रास आपला पत्ता कळवितो, ती नोंदणी. ती सरली की क्रमांक यादीत असतो, पण संच कोठे आहे हे केंद्रास ठाऊक नसते.

ध्वनीचे अंकांत रूपांतर करणाऱ्या रीतीस 'कोडेक' म्हणतात. जी. ७११ या जुन्या व सर्वमान्य रीतीत आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येकासाठी ८ बिट वापरतात, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट लागतात. जी. ७२९ या रीतीस ८,००० पुरतात, मात्र आवाजाचा काही कस जातो. दोन्ही टोकांना किमान एक रीत समान असावीच लागते. नाहीतर संकेतन होऊनही बोलणे होत नाही. व्यक्तिनामांवरून आलेली परिमाणे आणि रेडिओ, पेट्रोल यांसारखे जगभर रुळलेले शब्द तसेच ठेवावेत, असे शब्दावली आयोगाचे धोरण आहे; अर्लांग, सिप व कोडेक हे शब्द त्याच न्यायाने स्वीकारावेत.

८. यंत्राच्या तोंडची मराठी

आतापर्यंतच्या संज्ञा तक्ता भरणाऱ्यासाठी होत्या. कॉल करणाऱ्याच्या वाट्यास येते ती यंत्राच्या तोंडची ध्वनिमुद्रित भाषा. आणि मराठीच्या अभ्यासकास सर्वाधिक विचार करावयास लावणारा भाग हाच आहे. इंग्रजीसाठी घडविलेल्या प्रणालीत वाक्य तुकड्यांनी जोडले जाते : ठरावीक सांगाडा, आणि मध्ये विभागाचे नाव किंवा संख्या. मराठीत हा उपाय तीन ठिकाणी मोडतो.

पहिले ठिकाण सामान्यरूपाचे. 'चौकशी' या नामापुढे 'साठी' जोडला तर 'चौकशीसाठी' होते. पण 'तक्रार'चे 'तक्रारीसाठी' आणि 'लेखा विभाग'चे 'लेखा विभागासाठी' व्हावे लागते. मूळ नावे एकदा ध्वनिमुद्रित करून त्यांपुढे 'साठी एक दाबा' हा तुकडा जोडणारे यंत्र 'तक्रार साठी' असे बोलते. ऐकणाऱ्यास अर्थ कळतो, पण आपल्याशी बोलणारी संस्था आपली भाषा बोलत नाही हेही कळते.

दुसरे ठिकाण संख्यांचे. इंग्रजीत शंभराच्या आतील सर्व संख्या अठ्ठावीस मुद्रित शब्दांतून जोडता येतात. मराठीत शून्यापासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येचे रूप स्वतंत्र असल्याने शंभर मुद्रणे लागतात. 'एकोणतीस' वीस आणि नऊ यांतून घडत नाही. शिवाय १०० ला 'शंभर', पण १२५ ला 'एकशे पंचवीस', १.३० ला 'दीड', २.३० ला 'अडीच', ३.३० ला मात्र 'साडेतीन'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' यासारखी जोडरूपे आली तेव्हा मोठा वाद झाला होता. तो शिक्षणापुरता होता. यंत्राच्या बाबतीत सवलत घेण्याचे कारणच नाही. शंभर शब्द मुद्रित करावयास एक सकाळ पुरते.

तिसरे ठिकाण लिंग, वचन व नकार यांचे. 'एक नवा निरोप आहे', 'दोन नवे निरोप आहेत' आणि 'एकही नवा निरोप नाही' या तीन वाक्यांत संख्येबरोबर विशेषण, क्रियापद आणि शून्याच्या बाबतीत संपूर्ण रचना बदलते. रांगेतील स्थान सांगताना 'आपल्यापुढे तीन जण आहेत' हे मराठी. 'तीन व्यक्ती' हे केवळ भाषांतर. येथे तुकडे न जोडता प्रत्येक संभाव्य वाक्य सबंध मुद्रित करणे हाच उपाय आहे.

एका बाबतीत मात्र मराठीची वाक्यरचना मुळातच अनुकूल आहे. 'चौकशीसाठी एक दाबा' या वाक्यात हेतू आधी व अंक नंतर येतो. ऐकणारा आपले काम ऐकू आल्यावर सावध होतो आणि लगेच आलेला अंक लक्षात ठेवतो. 'एक दाबा चौकशीसाठी' असा क्रम ठेवला तर प्रत्येक अंक, कामाचा आहे की नाही हे कळण्यापूर्वीच, स्मरणात धरावा लागतो. ज्या वृद्ध माणसाने औषधाविषयी विचारण्यासाठी फोन लावला आहे, त्याच्या दृष्टीने हा क्रम गौण नाही.

९. समारोप

राज्यव्यवहारकोशाच्या काळापासून एक अनुभव स्पष्ट आहे. 'अर्ज', 'हुकूम', 'वकील', 'कागद' हे शब्द पर्याय सुचवूनही टिकले, कारण ते व्यवहारात रुजले होते. आणि जे संस्कृत पर्याय टिकले ते एखाद्या गरजेस उतरले म्हणून. तोच न्याय येथेही लावता येतो. ट्रंक, सिप, कोडेक हे शब्द राहू द्यावेत. आवक, जावक, धारक, पद, रांग, मार्गिका हे शब्द आपल्या कार्यालयांत व रस्त्यांवर आधीपासूनच आहेत. त्यांना नव्या रकान्यात बसवावे. 'विचारून जोडणे', 'ठेवणीत टाकणे' यांसारख्या क्रिया जिवंत बोलीतून उचलाव्यात. 'विस्तार क्रमांक' व 'अंध हस्तांतरण' यांसारखे शब्द मात्र सोडून द्यावेत, कारण ते दिसतात मराठी, पण वापरणाऱ्यास काही सांगत नाहीत.

अन्य भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी आपापल्या भाषेतील हीच परिभाषा तपासून पाहिल्यास तुलनेस मोठे क्षेत्र खुले होईल. सामान्यरूप नसलेल्या भाषेत यंत्राचे वाक्य कोठे मोडते, संख्यावाचक नियमित असलेल्या द्रविड भाषांत मुद्रणे किती लागतात, पद व व्यक्ती यांतला भेद कोणत्या शब्दांनी दाखविला जातो, हे प्रश्न व्याकरणाचे आहेत आणि व्यवहाराचेही. त्यांची उत्तरे ज्या भाषेत आधी सिद्ध होतील, त्या भाषेत हाक मारणाऱ्यास ओ मिळेल.